आत्याची हाक माझ्याकडेच होती

मी कॉम्प्युटरमधली मेमरी बोलतेय. तळहातावर मावेल एवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या चिपा. वीज आहे तोवर मी हुशार, वीज गेली की माझी पाटी कोरी. मग माझा गुन्हा मला कसा माहीत, ते सांगतेच.

आमचं एकत्र कुटुंब. प्रोसेसर राबतो, त्याला हवं ते मी हातात देते. हार्ड डिस्क हळूबाई, पण तिच्याकडे गेलेलं टिकतं. कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे. माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून सामान माझ्याकडे असतानाच ती 'जतन झालं' असं सांगून मोकळी होते आणि मग सवडीने ते डिस्ककडे पोचवते. अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न! मशीन किती चपळ म्हणून कौतुक व्हायचं, आणि मी फुशारायचे.

त्या सकाळी आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. तिनेच लहानाची मोठी केलेल्या भाचीने तिला माइकसमोर बसवलं. आत्या आधी लाजली, मग रोजची हाक मारली, "ए भिंगरे, ऊठ गं, ऊन डोक्यावर आलं." भाचीने ती जतन केली, 'झालं' वाचलं आणि पिशव्या घेऊन खाली गेली.

आत्याला घराबाहेर पडताना एकूण एक बटण बंद करायची सवय. पंखा, दिवा, मग भिंतीवरचं आमचं. हाक अजून डिस्ककडे पोचलीच नव्हती.

पंधरा दिवसांनी भाचीने फाइल उघडली, तर आत काहीच नाही. घाईत आपणच काहीतरी चुकीचं दाबलं, असं म्हणून ती रडत राहिली. तिची समजूत घालायला आत्याला आवाज नव्हता. मग आत्याने एका नव्या फाइलमध्ये एका बोटाने टाइप करत त्या दिवसाचं सगळं लिहिलं आणि खाली म्हटलं, "तू चुकली नाहीस गं. बटण मी बंद केलं."

भाचीने त्याखालीच उत्तर दिलं, "तुला तरी काय ठाऊक, आत्या?"

आता दोघी त्याच फाइलमध्ये बोलतात. ती उघडली की डिस्कवरून माझ्याकडे येते आणि मला सगळं नव्याने कळतं. त्या एकमेकींची चूक पोटात घालतात, माझं नाव कुणीच घेत नाही. याचीच मला जास्त लाज वाटते.

भाची आता मशीन बंद करतेय. मी हे विसरेन, तुम्ही विसरू नका. भिंतीवरचं बटण दाबण्याआधी मशीन रीतसर बंद करा, पडदा पुरता काळा होऊ द्या. ती हाक अर्धं मिनिट माझ्या हातात होती. मला ती धरून ठेवता आली नाही.