वरातीची एकनळी

वरात दारात उभी होती आणि निंबा नाना बाजेवर बसून काडतुसं निवडत होता. पोरीच्या बापानं नवरदेवाच्या बंदुकीची गोळी निवडायची, हे कुठल्या शास्त्रात आहे ते रुपचंदलाच ठाऊक. धुळ्याच्या या व्याह्याकडे खापरपणजोबांची एकनळी होती, मागून उघडून भरायची. मांडवात शिरण्याआधी नवरदेवानं तिचा बार काढायचा, अशी त्यांची रीत.

"तुमनी बठ्ठी जिनगानी गोळ्यास्मा गयी, नाना. सांगा, कोनती घालानी?" रुपचंदनं विचारलं.

जिंदगी वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत गेली खरी, पण काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तपासण्यात. वाकडी दिसली की डब्यात. बंदूक नानानं कधी खांद्याला लावली नव्हती. हे कोण ऐकणार?

त्यानं नळीत डोकावलं. आतून गंजानं खाल्लेली. पुढ्यात एक जुनं काडतूस, काळ्या दारूचं, मऊ शिशाच्या गोळीचं. बाकीची चार कुणीतरी नव्या दारूनं भरलेली, तांब्याच्या कवचाची, चकचकीत. नळी घडवलेली काळ्या दारूसाठी. नव्या दारूचा जोर तिला फोडणार आणि नवरदेवाचं, हितेंद्रचं, तोंड घेऊन जाणार.

"एकही नको, नळी फुटेल," नाना म्हणाला.

"मग मीच घालतो ना, मामा!" हितेंद्रनं हसत चकचकीत उचललं.

आता गप्प बसायचीही सोय उरली नाही. नानानं शिशाचं हिसकून भरलं. "हेच. आणि बार मी काढणार."

"वा रे इवाई!" रुपचंद व्याह्यावर खूश झाला.

लोकांना मागे हाकलून, डोळे मिटून त्यानं चाप ओढला. धडाड! पांढरा धूर, कुजक्या अंड्याचा वास. नळी शाबूत.

"व्हयनं का काही?" रुपचंद गरजला. "उगाच भ्यायनात! आते नवरदेव. चमकतं घाल रे."

लोकांची उरलीसुरली भीती आपणच मोडली, हे नानाला तेव्हा कळलं. त्यानं चारही काडतुसं उचलली, धावत जाऊन विहिरीत फेकली.

बँड थांबला. त्याची पोर, ज्योत्स्ना, मांडवातून बघत होती.

"आमनी रीत बुडाई तुम्ही," रुपचंद हळू म्हणाला. "पोर नेऊत आम्ही. पन तुम्ही आमना उंबरठा चढू नका."

लग्न लागलं. हितेंद्र नानाच्या पाया पडला नाही. पोर गाडीत बसली आणि तिच्या पायाशी, मखमलीत गुंडाळून, ती बंदूक ठेवली गेली.