दाराच्या कडेचं रबर

मार्लीन हुडाक गाड्यांची परीक्षणं लिहायची, आणि तीही भाड्याच्या गाड्यांची. कंपन्या पत्रकारांना चालवायला देतात त्या गाड्या नवरीसारख्या नटवलेल्या असतात, असं तिचं म्हणणं. विमानतळावर भाड्याने मिळणारी, शंभर जणांनी दामटलेली गाडी मात्र खोटं बोलत नाही. डेन्व्हरच्या वर्तमानपत्रातलं तिचं रविवारचं सदर याच हट्टावर एकोणीस वर्षं चाललं होतं.

मार्चमध्ये तिच्या वडिलांना, एमिलना, ओहायोतल्या वृद्धाश्रमात हलवलं. फुप्फुसं थकली होती. ती क्लीव्हलंडला उतरली, तर काउंटरवरच्या मुलीने नेमकी 'ब्रायर'ची किल्ली पुढे सरकवली.

"दुसरी नाही का एखादी?"

"छोट्या सेडानमध्ये एवढीच उरलीय, मॅडम. आता बनतही नाहीत या."

ते मार्लीनला ठाऊक होतं. ब्रायर एमिलच्याच कारखान्यात बनायची. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तिथे दारं बसवली होती. आणि सात वर्षांपूर्वी मार्लीनने याच गाडीबद्दल लिहिलं होतं, 'दार लावलं की बिस्किटांचा रिकामा डबा आपटल्यासारखा आवाज येतो.' वाचक खूश झाले होते. कुणीतरी ते कात्रण कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चिकटवलं, हे तिला फार उशिरा, कारखाना बंद पडल्यावर कळलं. एमिलनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. फक्त ते परीक्षण छापून आल्यापासून बापलेकीचे फोन हवापाण्यावर सुरू होऊन हवापाण्यावरच संपायचे.

वृद्धाश्रमातल्या खोलीत एमिल खुर्चीत बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी.

"कशाने आलीस?"

"भाड्याची गाडी आहे, डॅड."

"कुठली, ते विचारतोय. तुझा धंदाच आहे ना तो?"

तिने सांगितलं. ते खुर्चीच्या हातांवर जोर देत उठले. मग म्हणाले, "माझा कोट दे. आणि त्या नर्सबाईला सांग, तासाभरात येतो. नाही म्हणाली तर मला ऐकू येत नाही."

ऑक्सिजनचं छोटं नळकांडं खांद्याला अडकवून ते गाडीपर्यंत पोचले, पण आत बसले नाहीत. दार उघडून वाकले, चौकटीवरच्या चिठ्ठीवरची धूळ बोटाने पुसली आणि गाडी बनल्याचा महिना वाचला.

"ऑक्टोबर. म्हणजे मी होतो. उजवी दारं माझी, डावी वॉल्टची."

त्यांनी दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मार्लीन जमिनीकडे बघत होती.

"डबाच आहे," ते म्हणाले.

"डॅड, मी…"

"खरं तेच लिहिलंस. ही कड बघ. इथलं रबर आधी दुप्पट जाड असायचं. वरच्यांनी चार पैसे वाचवायला पातळ केलं. आम्ही अर्ज दिला होता, तीनशे सह्यांचा. पहिली माझी." त्यांना धाप लागली. तिने त्यांचा दंड धरला. "खोटं लिहिलंस म्हणून नाही लागलं मला, मार्ली. दारं बसवणारा माणूस तुझ्या घरात होता. एक फोन करायचा होतास."

तिच्याकडे उत्तर एकच होतं, आणि ते वाईट होतं.

"लिहिताना तुमची आठवणच झाली नाही, डॅड. वाक्य चांगलं जमलं होतं."

त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत. "चल, चालव आता. वळणावर स्टिअरिंग बघ. ते अजून झकास असेल."

तळ्याकाठच्या रस्त्याने ती पाऊण तास गाडी चालवत राहिली. ते बोलत होते: पत्र्याचे सांधे जोडणारी रोझलिन, शिट्टी वाजवत डावी दारं बसवणारा वॉल्ट, अर्जाला न आलेलं उत्तर. ती विचारत होती आणि सिग्नलला थांबलं की टिपून घेत होती. स्टिअरिंग खरंच झकास होतं.

डेन्व्हरला परतल्यावर तिने ब्रायरचं दुसरं परीक्षण लिहिलं. त्यात रबराची हकीकत होती, माणसांची नावं होती. संपादकाचा फोन आला. "सुरेख आहे गं. पण ही गाडी आता मिळतच नाही. वाचकाने करायचं काय?"

तिने खूप भांडून पाहिलं. लेख पडून राहिला.

"आलं का छापून?" एमिल दर फोनला विचारायचे.

"या रविवारी नाही, डॅड. पुढच्या. वाचून दाखवू का?"

"छे! छापलेलंच वाचीन. वॉल्टलाही पाठवायचंय."

तीन रविवार तिने हेच उत्तर दिलं. चौथ्याच्या आदल्या शुक्रवारी सकाळी एमिल गेले.

ती पोचली तेव्हा नर्सने त्यांचा चष्मा तिच्या हातात ठेवला. "काल जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बजावत होते," ती म्हणाली, "डेन्व्हरहून टपालाने पेपर येईल, तो कुणी टाकू नका म्हणून. कधी येणार आहे तो?"

"येणार नाही," मार्लीन म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या शर्टांच्या एकेक करून घड्या घालू लागली.