रजेसाठी कामावर या

मी रजेचा अर्ज बोलतोय. कागदाचा नव्हे हं, संगणकाच्या पडद्यावरचा. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी हयात गेली. कितीतरी जणांची दुखणी, लग्नकार्यं आणि थापा माझ्याच चौकटींतून पुढे सरकल्या. पण हल्ली मला एकच माणूस आठवतो, आणि मान वर होत नाही.

मला घडवलं ऑफिसातल्या ताईनं. ती हजेरी सांभाळणारी. संगणकाचं शिक्षण बेताचंच. पण फॉर्म बनवायचं एक सॉफ्टवेअर तिच्या हाती लागलं आणि जेवणाची सुट्टीसुद्धा ती त्यातच घालवू लागली. 'अर्धा दिवस' निवडलं की मी आपणहून विचारायचो, सकाळ की दुपार? 'आजारपण' निवडलं की डॉक्टरांचा दाखला मागायचो, आणि तो जोडल्याशिवाय अर्ज पुढे जाऊच द्यायचो नाही. "बघा, कसा हुशार आहे माझा अर्ज!" ताई सगळ्यांना सांगायची. मीही फुशारून जायचो.

माझ्यात एकच खोट होती. मी फक्त ऑफिसातल्या संगणकावर उघडायचो. म्हणजे रजा हवी, तर आधी कामावर या! लोक हसायचे आणि सरळ ताईला फोन करायचे. "ताई, अंगात ताप आहे, तेवढा अर्ज टाका ना." ताई टाकायची. दाखला नसला तर 'घरगुती कारण' निवडायचं, ही पळवाट तिला ठाऊक होती. तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. त्यामुळे माझी झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

मग एक दिवस साहेबांनी विषय काढला. माझं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, ते बनवणाऱ्यांनीच त्यातून अंग काढून घेतलं होतं. नवं आलं होतं. त्यातला अर्ज मोबाईलवर, घरबसल्या भरता यायचा. ताईनं त्यात एक अर्ज करून पाहिला. पण इथंच घोडं पेंड खात होतं. तिचे जुने नियम नव्यात जसेच्या तसे जाईनात, सगळं पहिल्यापासून मांडायला हवं होतं. ती चिडचिडली. शेवटी तिनं साहेबांसमोर आम्हा दोघांना पडद्यावर शेजारी शेजारी उघडलं. नवा सुटसुटीत होता, पण अजून कच्चा. मी आपला पाठांतर करून आलेला.

"ताई, तुम्हीच सांगा. कोणता ठेवायचा?"

"जुनाच बरा आहे, साहेब. हातचा आहे."

"जुन्याबद्दल कुणाची तक्रार?"

"छे! आजवर एकही नाही."

खोटं नव्हतं ते. पण तक्रार का नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं झालं. तिनं मला ठेवलं, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आज त्या आनंदाचीच लाज वाटते.

पुढे थोड्याच दिवसांत ताई बहिणीकडे परगावी गेली. नेमक्या त्याच वेळी आमच्या वेल्डरच्या आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वेल्डर बोलायला कमी, कामाला वाघ. पाळी सुरू होण्याआधी अर्ज पडला नाही तर गैरहजेरी, असा साहेबांचा नियम होता, आणि त्याला आधीच एक ताकीद मिळालेली. त्यानं इस्पितळातून ताईला फोन केला. ते बोलणं मी नंतर ताईच्याच तोंडून ऐकलं.

"ताई, आईचं ऑपरेशन आहे. माझी रजा टाकता का?"

"अरे, मी इथून अर्ज कसा उघडू? इतक्या सकाळी ऑफिसात कुणी नसणार. तूच जरा जाऊन भरून ये ना. दहा मिनिटांचं काम."

तो आला. शर्ट उलटा घातलेला, त्याला पत्ताही नव्हता. रखवालदाराकडून ऑफिस उघडून घेतलं आणि त्यानं 'आजारपण' निवडलं. मी दाखला मागितला. त्यानं पुन्हा बटण दाबलं, मी पुन्हा लाल अक्षरांत दाखला मागितला. "अरे बाबा, आत्ताच भरती केलंय तिला, दाखला कुठून आणू?" तो माझ्याशी बोलत होता. अडलेल्या कुलपाशी माणूस बोलतो तसा. मला सगळं ऐकू येत होतं, पण शिकवलं होतं तेवढंच येत होतं. पळवाट त्याला कुणी सांगितली नव्हती. बऱ्याच वेळानं 'घरगुती कारण'वर त्याचं बोट पडलं तेव्हा कुठे मी त्याला सोडलं.

तो इस्पितळात परत पोचला तोवर आईला ऑपरेशनला आत नेलं होतं. नेताना ती त्याला हाका मारत होती, काहीतरी सांगायचं होतं तिला. ती वाचली, पण तिची वाचा गेली.

ताई परतल्यावर तो म्हणाला, "ताई, तुमच्या सुट्टीत फोन केला, रागावू नका हं." त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ताईनं साहेबांना माझ्यासमोर आणून बसवलं. "साहेब, तक्रार नव्हती, कारण सगळ्यांचे अर्ज मीच भरत होते," ती म्हणाली आणि रडली. साहेब म्हणाले, "नियम माझाच होता, ताई. नवा अर्ज करा." तिनं तो केला, आणि दाखला नंतर दिला तरी चालेल अशी सोय सगळ्यात आधी केली.

आता मी बंद आहे. माझ्यात जुनं वाचता येतं, नवं काही भरता येत नाही. त्याचं मला दुःख नाही.

परवा वेल्डर ताईच्या टेबलाशी आला होता. पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला. "ताई, आईच्या उशाशी बसून भरला बघा अर्ज. फार सोपं केलंत तुम्ही. हा आधी असता तर किती बरं झालं असतं!"

"हो रे," ताई म्हणाली, आणि खाली बघून कागद लावत बसली.

तो आधीच होता, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. ताई, एकदा सांगून टाक गं त्याला. माझ्याच्यानं होत नाही.