पाच सह्यांचा शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना ग्रीक शब्दकोश आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पाठीला तीनदा डिंक लावून झाला आणि चौथ्यांदा चिकटपट्टी. अडीच हजार पाने आणि तीन किलो वजन. मला उचलताना "अरे बापरे" म्हटल्यावाचून कोणी राहत नाही. मीही दमलो आहे, पण ते मला कोणी विचारत नाही.

इटलीच्या दक्षिणेला, पोतेंझा शहरात माझे आयुष्य गेले. तिथे शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ग्रीक किंवा लॅटिन उताऱ्याचे भाषांतर करायचे असते आणि शब्दकोश सोबत नेता येतो. एर्सिलिया ही माझी पहिली मालकीण. तिने दोन वर्षे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला उघडून-मिटून अभ्यास केला, चांगल्या गुणांनी पास झाली आणि आनंदाच्या भरात माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर सही ठोकली. तिथेच घोळ झाला. तिच्यामागून चुलत भाऊ पास झाला, त्यानेही सही केली. मग शेजारच्या दोघी, मग आणखी एक. पाच सह्या झाल्या आणि मी भाग्यवान ठरलो. मी ज्याच्या हाती तो पास, असे लोक म्हणू लागले. एर्सिलियाची दोन वर्षे सगळे विसरले. स्तुती कोणाला नको असते? मीही गप्प बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे मी एर्सिलियाच्या भाचीकडे, देलियाकडे आलो. माझ्या पोटात शब्दांखाली जुन्या ग्रंथांतली वाक्ये आहेत, भाषांतरासकट. म्हणून तिथल्या मुलांना एक खोड लागते. उतारा वाचायचा सोडून त्यातले तयार वाक्य माझ्यात कुठे सापडते का, ते हुडकत बसायचे. देलिया तर त्यात पटाईत. वर्गातल्या चाचणीत एक-दोनदा तिला खरेच सापडले, मग काय विचारता! तिचे वडील दोनातो बस चालवायचे. ते प्रत्येक थांब्यावर सांगत, "आमच्या घरात पाच सह्यांचा शब्दकोश आहे. पोरगी नापास व्हायची कुठली!"

पोरगी नापास झाली. सहा तास तिने माझी पाने उलटली, एकही तयार वाक्य सापडले नाही आणि निम्मा कागद कोरा राहिला. लेखी-तोंडी मिळून शंभरात साठ लागतात, तिला मिळाले एकोणपन्नास. आता धाकट्या मुलांबरोबर पुन्हा तेच वर्ष.

"परक्यांना पास केलंस आणि माझ्याच पोरीला बुडवलंस होय रे?" दोनातो मला म्हणाले. तिकडे वांगी तेलात मुरवण्याआधी त्यांना मीठ आणि शिरका, म्हणजे व्हिनेगर, लावून वजनाखाली दाबतात. त्या ऑगस्टमध्ये ते वजन मी होतो. तीन आठवडे मी वांग्यांवर पडून होतो. माझ्या शेवटच्या पानांना अजून शिरक्याचा वास येतो.

एका रविवारी एर्सिलिया जेवायला आली. आता तिचे केस पिकले होते.

"दोनातो, माझा शब्दकोश वांग्यांवर?"

"त्याची लायकीच ती आहे, ताई."

"त्याची, की तुझ्या लाडोबाची?"

देलियाला रडूच फुटले. "आत्या, मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं गं. आता पुन्हा नापास झाले ना, तर मी शाळेचं तोंड पाहणार नाही. सोडून देईन सगळं."

"देशील की. जूनच्या परीक्षेनंतर दे," एर्सिलिया म्हणाली. "तोवर रोज दुपारी माझ्यासमोर बसायचं."

मग सुरू झाली आमची रगडपट्टी. रोज एक उतारा, आणि तो आधी तीनदा वाचायचा, मला मिटून. जे समजेल ते पेन्सिलीने लिहायचे. जिथे खरोखर अडले तिथेच मला उघडायचे, दहा वेळांहून जास्त नाही, आणि उघडले की त्या शब्दाची सगळी माहिती शेवटपर्यंत वाचायची. चुका वेगळ्या वहीत आणि शनिवारी आधी ती वही. महिन्यातून एकदा घड्याळ लावून सलग सहा तास, डब्यातल्या पावासकट.

"आत्या, हा छळ आहे!"

"छळच आहे. पाव खा आणि पुढचं वाक्य घे."

नोव्हेंबरात तिच्या वहीतल्या चुका पानभर असत. तिने दोनदा पेन्सिल फेकली, एकदा मलाच ढकलून दिले. पण रोज दुपारी ती परत येऊन बसे. परीक्षेला ग्रीक की लॅटिन, ते दर जानेवारीत जाहीर होते; यंदाही ग्रीकच निघाले. दोनातो डोके धरून बसले. देलियाने पेन्सिलीला टोक केले.

जूनमध्ये परीक्षेच्या सकाळी एका परीक्षकाने मला उलटे धरून झटकले. कोणी चिठ्ठी लपवली आहे का, ते पाहतात. चिठ्ठी नव्हती, पण माझा वास घेऊन त्याने नाक मुरडले.

उतारा हातात आला. देलियाने माझ्यावर तळहात ठेवला आणि वाचू लागली. एक तास झाला, तरी मी मिटलेलाच. आजूबाजूला पानांची नुसती सळसळ चालली होती. हिला घाबरून काही सुचत नाही की काय, या विचाराने माझा जीव वर-खाली होत होता. मग तिची पेन्सिल चालू लागली. सगळ्या पेपरात तिने मला नऊ वेळा उघडले. कागद भरला.

निकाल शाळेच्या दारावर लागला. त्रेसष्ट!

"साठच लागत होते ना?" दोनातो म्हणाले. "वरचे तीन कशाला वाया घालवलेस?" आणि त्यांनी रुमालात तोंड लपवून बराच वेळ नाक शिंकरले.

मित्रांनो, मी आता फार थकलो आहे, म्हणून एवढेच मागतो. मला भाग्यवान म्हणू नका, माझ्या पाया पडू नका, आणि वांग्यांवरही ठेवू नका. वर्षभर मला हवे तेवढे झिजवा, माझी पाठ पुन्हा उसवली तरी चालेल. परीक्षेच्या दिवशी मात्र पहिला तासभर मला मिटून पडू द्या. चाळीस वर्षांत तेवढी एकच विश्रांती मला मिळाली, आणि ती मला देलियाने दिली.