बसून राहणाऱ्यांची सांगली

मित्रांनो, त्या सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. मी एक जुना संगणक, माधवनगरातल्या धन्यकुमार आण्णांच्या पुढच्या खोलीतला. दुपारी शाळेची मुलं आली होती आणि त्यांनी माझ्या पडद्यावर अख्खी सांगली हलवली होती.

ती सांगली आण्णांनीच घडवलेली. ते बांधकामाचे इंजिनिअर. निवृत्तीनंतर त्यांनी सातारा, कोरेगाव, सांगली इथल्या गल्ल्या माझ्यात भरल्या; कुठली भिंत मातीची, कुठला जिना अरुंद, सगळं. बटण दाबलं की भूकंप होई आणि मुलांनी माणसांना मैदानात न्यायचं. मूळ प्रोग्राम परदेशी होता. त्यातली माणसं पहिल्या धक्क्यालाच पळत. आण्णांना हसू आलं. कोयनेच्या लहान धक्क्यांना सरावलेली आपली माणसं मांडणीवरची भांडी वाजली तरी हातातला चहा खाली ठेवत नाहीत. म्हणून त्यांनी घराघरांत एक म्हातारा बसवला. तो म्हणे, "कोयनेचा हाय. जाईल. बस खाली." मागून मोठा धक्का येई.

"आवं आप्पासो, उठा की. पालखी धाडू व्हय?" राजेश्वरी नावाची मुलगी त्याला म्हणाली, तेव्हा आण्णांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. घरच्या माणसानं हात धरला तरच तो उठे. तालुक्याच्या साहेबांनीही माझं कौतुक केलं होतं.

मुलं गेल्यावर पुण्याहून लेकीचा, ब्राह्मीचा, फोन आला. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून आण्णा फोन मोठ्या आवाजावर ठेवून ताट वाढून घेत होते. सकाळपासून छातीत दुखतंय, पित्त असेल, जाईल, असं ते सहज बोलून गेले. या घरात आण्णा सांगत आणि बाकीचे ऐकत.

"बरं," ती म्हणाली.

माझ्यात 'उठा, बाहेर चला' अशा कितीतरी हाका साठवलेल्या होत्या. बटण दाबल्याशिवाय एकही बाहेर पडेना. जेवण झाल्यावर आण्णा माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसले, ते उठलेच नाहीत.

मग खोलीला कुलूप लागलं. पंख्यात जाळी झाली, बटणांवर धूळ बसली. बंद पडद्याआड ती सगळी घरं आणि त्यांत बसलेले म्हातारे घेऊन मी पडून राहिलो.

उन्हाळ्यात ब्राह्मी आली. तिनं मला पुसलं, सुरू केलं आणि आपलीच गल्ली उघडली. म्हातारा म्हणाला, जाईल. त्याचा हात धरायचं बटण तिच्या बोटाखाली होतं. तिनं ते दाबलं नाही. भिंत पडली. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडू दिली. तो घरात बसलेला, मी खोलीत पडलेला, आणि तीही आण्णांच्या त्या खुर्चीतून हलेना.

मित्रांनो, माझी निगा राहिली नाही तरी चालेल. पण घरातलं कुणी "जाईल" म्हणालं, तर त्याचा मान क्षणभर बाजूला ठेवा आणि हात धरा.

शेवटी तिनं माऊस सोडला. ती पडद्याकडे बघत नव्हती.

"आण्णा, पित्त नाही ते," ती म्हणाली. "उठा. मी सांगतेय म्हणून उठा."