एका माणसाला एकच अंक

मी एक जुने फोटोकॉपी यंत्र आहे. मित्रांनो, तुम्ही मला झेरॉक्स म्हणाल. ते दुसऱ्या कंपनीचे नाव आहे, माझे नाही. पण माणसांशी नावावरून वाद घालावा इतकी किंमत मी आता त्यांना देत नाही. नॉटिंगहॅमच्या एका उपनगरात एक छोटे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या तळघरात, मोडक्या खुर्च्या आणि नाताळच्या सजावटीची खोकी यांच्या मधोमध मी उभे आहे. भंगाराची गाडी यायची आहे. ती येईपर्यंत तुम्ही माझी कहाणी ऐका. तुमच्या घरच्या मोठ्यांविषयी त्यात फारसे चांगले काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नवे शतक सुरू झाले त्या सुमारास मी या वाचनालयात आले. तेव्हा माझे अंग स्वच्छ करडे होते आणि काचेवर एक ओरखडा नव्हता. माझ्या स्वागताला एक नगरसेवक आला होता. त्याने भाषण केले, ज्ञान सर्वांसाठी खुले झाले असे सांगितले आणि माझ्यावर पहिली प्रत काढली ती स्वतःच्या तळहाताची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसांविषयीचे माझे मत तेव्हाच बनले, आणि पुढे ते बदलावे असे फारसे काही घडले नाही.

मी खूप काम केले. हरवलेल्या मांजरांची चित्रे, विणकामाचे नमुने, विद्यार्थ्यांचे लेख, सगळे माझ्या काचेवर आले. काचेवर जे येते ते मी वाचते, मग भाषा कोणतीही असो. मराठीही मी अशीच शिकले. लोक म्हणतात, यंत्र मुद्दाम कागद अडकवते. खरे आहे. अडकवते.

माझ्या डोक्यावर भिंतीला एक सूचना लावलेली होती. मित्रांनो, ती नीट समजून घ्या, कारण ती समजून घेणारे माणूस मला फार उशिरा भेटले. पुस्तक ज्याने लिहिले त्याचा त्यावर हक्क असतो. कुणीही उठावे आणि त्याच्या प्रती काढाव्यात असे चालत नाही. पण वाचणाऱ्याचीही अडचण असते, म्हणून कायद्याने वाचनालयांना थोडी मोकळीक दिली आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी मासिकातला एखादा लेख किंवा पुस्तकाचा लहानसा भाग उतरवून घेता येतो. आमच्या सूचनेत लिहिले होते, एका माणसाला एकच प्रकरण. नियम शहाणा होता. तक्रार करायची तर ती नियमाखाली उभे राहणाऱ्यांची करायला हवी.

वाचनालयाचे प्रमुख होते मिस्टर हॅलम. मोठे प्रेमळ गृहस्थ. नॉटिंगहॅमच्या पद्धतीप्रमाणे ते प्रत्येकाला लाडाने 'डक', म्हणजे बदक, म्हणायचे आणि प्रत्येकाला नकार द्यायचे. दोन हजार तीन साल संपत आले असताना मुख्य कार्यालयातून एक बाई त्यांना नवा कायदा समजावून द्यायला आल्या. बैठक माझ्या शेजारच्या टेबलावरच झाली. बाई म्हणाल्या, "ज्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्याच्यासाठी आता अख्ख्या पुस्तकाची मोठ्या अक्षरातली प्रत काढता येईल. ते पुस्तक मोठ्या अक्षरात विकत मिळत नसेल, तर. त्याच्या स्वतःच्या वापरापुरती. हा त्याचा हक्क आहे." मिस्टर हॅलम त्या वेळी फळांच्या केकमधले बेदाणे वेचून बाजूला काढत होते. "फारच उपयुक्त माहिती," ते म्हणाले, आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला.

आता मराठी मंडळाकडे वळू.

आमच्याकडे मराठी पुस्तकांचे एक कपाट होते. या शहरात मराठी डॉक्टर बरेच. त्यांचे मंडळ दर गणेशोत्सवात एक नाटक बसवते. त्या बैठकीच्या पुढच्या वर्षी त्यांनी आमच्या कपाटातले तीन अंकी नाटक निवडले. पुस्तक एकच होते आणि पात्रे भरपूर. आता काय करावे? पुस्तके भारतातून मागवता आली असती. लेखकाला विचारता आले असते. पण मंडळाचे सेक्रेटरी डॉक्टर अतुल यांनी माझ्या डोक्यावरची सूचना वाचली, आणि त्यांना शक्कल सुचली. एका माणसाला एकच प्रकरण ना? मग एका माणसाने एकच अंक काढायचा. नवऱ्याने पहिला, बायकोने दुसरा, मुलाने तिसरा. घरी जाऊन तिन्ही एकत्र शिवले की झाले नाटक!

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी मंडळातले एकेक कुटुंब माझ्यापुढे रांगेत उभे राहू लागले. सुयश नावाचा तरुण डॉक्टर एकटा राहत होता. त्याला दोन माणसे उसनी आणावी लागली. अशी हुशारी माणसे उपचारात वापरत असतील, तर रोग्यांचे भले होत असेल.

"अतुल, थर्ड ॲक्ट कोण करणार? आमचा कुश फुटबॉलला गेलाय," मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी मनीषाबाई एकदा विचारत होत्या.

"अहो, कोणीही चालतं," डॉक्टर म्हणाले. "फक्त लायब्ररी कार्ड हवं. आपण रूल ब्रेक करत नाही आहोत, ओके?"

प्रत्येक मराठी नाटकाच्या सुरुवातीला एक पान असते. लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय प्रयोग करू नये, असे त्यावर छापलेले असते. इतके लोक आले, पण ते पान माझ्या काचेवर कुणीही ठेवले नाही. सगळ्यांचा पहिला अंक त्या पानानंतर सुरू झाला.

त्या नाटकात एक खाष्ट म्हातारी आहे. तिन्ही अंकांत ती घरच्यांना सळो की पळो करून सोडते. ही भूमिका डॉक्टर अतुल यांच्या आईला, शैलाताईंना दिली होती. त्याही निवृत्त डॉक्टर. मंडळाच्या नाटकात त्यांनी काम केले नाही असे एकही वर्ष नव्हते. एका शनिवारी त्या मुलाबरोबर आल्या. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. ज्याच्याकडे बघावे तेच दिसत नव्हते.

"अतुल, माझी कॉपी मोठ्या अक्षरात काढ रे. डबल साइझ," त्या म्हणाल्या. "भिंग लावूनसुद्धा आता एकेक शब्द शोधावा लागतो. या वर्षी जमलं तर जमलं. पुढच्या वर्षी मोठं अक्षरही दिसेल की नाही, कोण जाणे."

"आई, हळू बोल ना. होल बुक ए-थ्रीच्या मोठ्या कागदावर काढलं तर लगेच लक्षात येईल. मग सगळ्यांचंच बंद होईल."

"मग तुझ्या हॉस्पिटलात काढ."

"तिथे कुणी पाहिलं तर? मी तुला टेप करून देतो. प्रॉमिस. ऐकून ऐकून पाठ होईल."

टेप झाली नाही. डॉक्टरांना ड्यूटी होती, आणि ड्यूटी नसेल तेव्हा तालीम होती. मित्रांनो, हे नीट पाहा. ज्यांना हक्क नव्हता त्या सगळ्यांना नाटक मिळाले होते. जिला हक्क होता ती एकटीच बाई रिकाम्या हाताने घरी गेली, कारण तिने हक्काचे मागितले असते तर बाकीच्यांची चोरी उघडी पडली असती.

शैलाताई दुसऱ्यांदा आल्या त्या नातीला घेऊन. अन्वी अकरा वर्षांची होती. इंग्लंडात जन्मलेली, मराठी बोलणारी, पण मराठी अक्षर एकही न वाचता येणारी. नाहीतर तिनेच आजीला नाटक वाचून दाखवले असते. त्या वेळी माझ्यासमोर मनीषाबाई उभ्या होत्या आणि माझ्या काचेवर त्यांचा दुसरा अंक चालू होता. सासूसुनेचे भांडण, ऐन रंगात. आजी-नातीला पाहताच मनीषाबाईंनी त्या दोघींशी आपली काही ओळखच नसावी अशा थाटात पाठ फिरवली आणि माझ्या झाकणाकडे बघत राहिल्या. माझ्या झाकणावर बघण्यासारखे काही नाही.

शैलाताई सरळ मिस्टर हॅलम यांच्या टेबलाशी गेल्या. त्यांनी डोळ्यांची अडचण सांगितली, पुस्तकाचे नाव सांगितले. "असा कायदा झाला आहे, मी रेडिओवर ऐकलं," त्या म्हणाल्या.

"रेडिओवर काय, बरंच काही सांगतात, डक," मिस्टर हॅलम गोड हसले. "इथे एकच चॅप्टर. नियम म्हणजे नियम. आता या बाईंकडे बघा." त्यांनी मनीषाबाईंकडे बोट दाखवले. "तेच पुस्तक, एकच चॅप्टर, बिनतक्रार. सगळेच असे वागले तर किती बरं होईल!"

अन्वी आजीच्या कानाशी लागली. "आजी, ती आंटी तर आपला ग्रुपमधला आहे. डॅडनी सगळ्यांना पूर्ण बुक दिला. सांग ना त्यांना."

शैलाताईंना मधले दिसत नसले तरी कडेचे दिसत होते. मनीषाबाईंची पाठ त्यांना चांगली दिसली असणार. त्यांनी एक वाक्य उच्चारले असते तर मिस्टर हॅलमना घाम फुटला असता, मंडळाचे नाटक बंद पडले असते आणि डॉक्टर मुलाचे नाव वाचनालयाच्या दप्तरात गेले असते.

"चल, अन्वी," त्या म्हणाल्या. "बस चुकेल."

मला असा संताप आला की मी मनीषाबाईंचा कागद आत ओढून त्याच्या घड्या घड्या केल्या. त्यांनी माझ्या अंगावर चापट मारली. मिस्टर हॅलम धावत आले आणि त्यांनी मनीषाबाईंची माफी मागितली.

पुढचे मला सुयशकडून कळले. हरवलेले एक पान पुन्हा काढायला तो आला होता आणि मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, शैलामावशींना लाइन्स पाठ होत नाहीयेत. रोल मनीषाताईंना दिला. अतुलच म्हणाला, आईला मी समजावतो." नाटक झाले म्हणे. मनीषाबाईंचे कौतुकही झाले. आणि माझ्या त्या साऱ्या प्रतींचे काय झाले? शेवटच्या तालमीत बटाटेवड्यांचे तेल टिपायला कागद हवे होते.

पुढल्या वसंतात मिस्टर हॅलम निवृत्त झाले. त्यांच्या जागी जिल नावाची बाई आली. पहिल्याच आठवड्यात तिने सगळे नियम वाचून काढले. मी थक्क झाले. नियम वाचणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. नकार मिळालेल्यांची तिने चौकशी केली आणि शैलाताईंना स्वतः फोन करून बोलावून घेतले. अक्षर दुप्पट करून अख्खे नाटक तिने माझ्यावर काढले. लेखकाचे नाव आणि परवानगीचे पानही काढले. एवढी मोठी, काळीभोर, स्वच्छ अक्षरे मी आयुष्यात कधी उमटवली नव्हती.

शैलाताईंनी पहिला कागद हातात घेतला. तो गरम होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, मान तिरकी केली.

"दिसतं, आजी?" बरोबर आलेल्या अन्वीने विचारले. "किती मोठा आहे बघ ना."

"कागद दिसतो गं," त्या म्हणाल्या. "समास दिसतो. मधलं काही नाही."

जिल चहा करायला गेली. या देशात चूक दुरुस्त करायला उशीर झाला की चहा करतात.

"मग नको ना, आजी? इथेच ठेवू?"

"ठेवू कशाला?" शैलाताई एकदम त्यांच्या नाटकातल्या म्हातारीसारख्या कडाडल्या. "माझ्या हक्काचे आहेत ते. उचल." आणि तो सगळा गठ्ठा नातीच्या हातांवर देऊन त्या गेल्या.

मित्रांनो, त्यानंतर लोक संगणकावरून छापू लागले. मी डाग पाडू लागले आणि माझ्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवला गेला. तो हाताने लिहिलेला होता. अशा गोष्टींत शेवटी यंत्राने विनवणी करायची असते, माझी काळजी घ्या, मला धूळ बसू देऊ नका. मी तसे काही म्हणणार नाही. बसू दे धूळ. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी टेबलामागे बसाल, कुणी मंडळाचे सेक्रेटरी व्हाल. कुणी तुमच्याकडे काही मागायला आले, तर नाही म्हणण्याआधी नियम शेवटपर्यंत वाचा. आणि नियमातली फट शोधण्याइतकी अक्कल असेल, तर तिच्यातून आधी ज्याची गरज खरी आहे त्याला जाऊ द्या. तुमच्या मोठ्यांकडून माझी काही अपेक्षा नाही.

माझी शेवटची प्रत तेवढी सांगायची राहिली. तो 'बंद आहे'चा कागद लागण्याच्या आदल्या आठवड्यात अन्वी एकटीच आली होती. आता ती बरीच उंच झाली होती. जिलला विचारून तिने माझ्या काचेवर एक मोठा कागद ठेवला. नाटकातले तेच पान, म्हातारी पहिल्यांदा रंगमंचावर येते ते. घडीवर फाटले होते, चहाचे डाग होते. प्रत्येक मोठ्या अक्षराखाली पेन्सिलने इंग्रजी अक्षर लिहिलेले होते. पानाच्या वरच्या भागात पेन्सिल दाट होती. खाली खाली ती विरळ होत गेली होती, आणि शेवटच्या चार ओळींखाली काहीच लिहिलेले नव्हते.

"रोज वाचतो आम्ही," ती जिलला इंग्रजीत सांगत होती. "मी चुकले की आजी ओरडते. त्या म्हातारीच्याच आवाजात."

माझी शाई संपत आली होती आणि आतले रूळ झिजले होते. मी कागद अडकवला नाही.