शपथेच्या दिवशीची हॅट

पोटच्या पोरीने विचारलं नाही, सवरलं नाही आणि आईसाठी कपडे निवडून देणारी बाई बोलवायचं परस्पर ठरवलं, ही गोष्ट लुविनिया पेटवेच्या घशाखाली उतरेना. स्वयंपाकाला बाई लावली असती तर एक वेळ चाललं असतं, गुडघे आताशा कुरकुरतातच. पण कपडे? रविवारी चर्चमध्ये लुविनिया कोणती हॅट घालून येते हे बघायला मागच्या बाकांवरच्या बायका माना उंच करतात. आणि तिला कपडे शिकवायला माणूस!

निमित्त मात्र तसंच मोठं होतं. तिची एकुलती एक लेक कॉरलिस वकिली करता करता न्यायाधीश झाली होती. येत्या शुक्रवारी कोर्टात शपथ. बायबल हातात धरायचा मान आईचा. हे कळल्या दिवशीच लुविनियाने कपाटावरची गोल पेटी खाली काढली होती. आत जांभळी हॅट, परातीएवढी रुंद कड आणि मागे पिसांचा तुरा. ती बघून कॉरलिसचा चेहरा पडला.

"ममा, टीव्हीवाले येणार आहेत गं. या हॅटमागे तू दिसणार नाहीस, मीही दिसणार नाही."

"म्हणजे आईची लाज वाटते म्हण की."

"लाज कुठे आली मध्येच? एखादी जाणकार बाई येऊन सांगेल काय घालायचं ते. फक्त एकदा ऐकून घे."

"ऐकते. पण बाई मी निवडणार. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या टेबलापाशी बसवून."

शनिवारी पहिली आली ती ब्रिन्ली नावाची पोरगी. मोठ्या दुकानात नोकरीला होती आणि दात मोत्यासारखे. दारातूनच म्हणाली, "हाय लुविनिया!" त्या गल्लीत नातवंडं झालेले बाप्येसुद्धा तिला 'मिस लुविनिया' म्हणत. लुविनियाने ओट्यावरचा केक झाकून ठेवला.

"तुमच्यासाठी करडा रंग छान," ब्रिन्ली फोनवरची चित्रं दाखवत म्हणाली. "वय लपतं त्यात."

"वय लपवायला मी ते कुठून चोरून आणलंय का? देवाने दिलंय, उजळ माथ्याने वापरते. पायरी मोडकी आहे, जपून उतर."

दुसरा आला थॅडियस. कडक इस्त्री, अत्तराचा घमघमाट, प्रत्येक वाक्यात "हो मॅडम, नाही मॅडम." लुविनियाला बरा वाटला. केकचा मोठा तुकडा कापून तिने बशी पुढे सरकवली. एवढ्यात गड्याने जांभळी हॅट वरच्या घुमटाला चिमटीत धरून उचलली, मांजराचं पिल्लू मानेला धरून उचलावं तशी.

"ठेव ती खाली," लुविनिया म्हणाली. "कडेला दोन्ही हातांनी धरतात हॅट. आई नाही का तुला?"

केक मात्र तिने त्याला पुडीत बांधून दिला. पोरगा अदबीचा होता, त्याची उपासमार कशाला?

कॉरलिस हे सगळं बाहेर ओसरीवरच्या झोपाळ्यावरून ऐकत होती. "ममा, अशाने कोणीच टिकणार नाही," ती जाळीच्या दारातून ओरडली.

"टिकाऊ माल पाठव मग!"

तिसरी वर्नेल. चाळिशीची, गळ्यात टेप, पायात उंच टाचांचे झगझगीत लाल बूट. चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईला मानाने हाक मारावी तशी आल्याआल्या म्हणाली, "मदर पेटवे, आधी हात धुऊन येते, मग तुमची हॅट बघते." लुविनियाने केकवरचं झाकण काढलं.

वर्नेलने हॅट सगळीकडून निरखली. "ही नको असं कोण म्हणतं?"

"न्यायाधीशबाई."

"का बरं?"

"बसल्यात बाहेर, त्यांनाच विचार."

"विचारायचं कशाला? शपथच घेऊन बघू ना."

कॉरलिसला आत ओढून आणलं. लुविनियाने हॅट चढवली, टाचण्या खोचल्या आणि घरातलं जाड बायबल दोन्ही हातांवर धरलं. कॉरलिसने त्यावर डावा हात ठेवून उजवा वर केला. खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं.

हॅटची कड कॉरलिसच्या नाकाला लागली. शिंक आली. आणि लुविनियाने मान वर करून बघितलं तर पोरीचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत जांभळ्या सावलीत बुडालेला.

म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती तर. ही हॅट चर्चच्या आतही तिने कधी उतरवली नव्हती. पण पोरीचा चेहरा साऱ्या गावाने बघायचा तो दिवस, आणि आईनेच तो झाकायचा? तिने बायबल टेबलावर ठेवलं. हात वर गेला, एक टाचणी निघाली.

"थांबा, मदर पेटवे," वर्नेल म्हणाली. "न्यायाधीशबाई, तुम्ही अशा वाकून का उभ्या आहात?"

"वाकून कुठे? अशीच असते मी."

खरंच, ती अशीच असे. शाळेत सगळ्या पोरींच्या वर तिचं डोकं निघू लागलं, तेव्हापासून खांदे पाडून आणि मान पुढे काढून चालायची. सपाट टाचांच्या बुटांशिवाय पायात काही नाही. घरातल्यांच्या नजरेला ते इतकं सरावलं होतं की कोणाला दिसतही नव्हतं.

वर्नेलने आपले लाल बूट काढून तिच्यापुढे ठेवले. "घाला. आता छाती पुढे. आणखी. मदर पेटवे, धरा बायबल."

कॉरलिस कुरकुरत सरळ झाली. हळूहळू कड नाकावरून ओठांवर आली, हनुवटीखाली गेली आणि गळ्यापाशी थांबली. वर चेहरा मोकळा, त्यावर ऊन. खाली हॅट, तुऱ्यासकट.



"बघा," वर्नेल म्हणाली. "दोघीही दिसताय."

"छे!" कॉरलिस पुन्हा खाली यायला लागली. "फोटोत मी विजेचा खांब दिसेन. ममा, सांग ना हिला. तू साधी टोपी घाल एखादी, मी आहे तशी बरी आहे."

लुविनियाने काढलेली टाचणी परत खोचली. घट्ट.

"कॉरलिस, ऐक नीट. बाई मी निवडली, हीच. पण ती माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. सोमवारी हिच्याबरोबर जायचं आणि उंच टाचांचे बूट घेऊन यायचं. देवाने तुला एवढं उंच केलं ते काय लोकांच्या पायांकडे बघायला? शुक्रवारी तू ताठ उभी राहणार. वाकलीस तर कड नाकात जाईल, आणि मी जागची हलायची नाही, सांगून ठेवते!"